देवाच्या ज्ञानावर भरवसा ठेवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपली की काही जण मागे थांबतात. बाकीची माणसे चहाकडे वळली की हळू आवाजात एखादा प्रश्न विचारतात. शास्त्राभ्यासाच्या बैठकीत, इस्पितळाच्या व्हरांड्यात, रात्री उशिरा आलेल्या फोनवर पुन्हापुन्हा ऐकलेले असे प्रश्न इथे घेतले आहेत. मी धर्मपंडित नाही. मंडळीत बरीच वर्षे वचनाचा अभ्यास घेत आलो आहे, इतकेच. उत्तरे वाचताना पवित्र शास्त्र जवळ ठेवा आणि दिलेले संदर्भ स्वतः उघडून पाहा.

देवाचे ज्ञान म्हणजे त्याला सगळे ठाऊक आहे, एवढेच ना?

त्याला सगळे ठाऊक आहे हे खरेच, पण शास्त्रात या शब्दाचा अर्थ त्याहून मोठा आहे. आपल्या मराठी शास्त्रात ‘ज्ञान’ हा शब्द येतो तिथे मूळ इब्री शब्द बहुतेकदा ‘होख्मा’ असतो. निर्गम ३१ मध्ये निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभारण्यासाठी देव बसालेल नावाच्या कारागिराला निवडतो आणि त्याला ‘ज्ञान’ देतो. कशासाठी? सोने, रुपे, पितळ घडवण्यासाठी, रत्नांना पैलू पाडण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. म्हणजे ज्ञान हे हातात उतरलेले कसबही आहे. काय घडवायचे आहे हे त्या कारागिराला माहीत असते. कुठला तुकडा कुठे बसेल आणि कुठे किती ठोकायचे हेही त्याला कळते.

मला स्वतःला या अर्थाने फार आधार दिला आहे. सगळे जाणणारा पण लांब बसून नुसता पाहणारा देव वेगळा. चांगले ते ओळखणारा आणि तिथवर नेण्याची वाटही जाणणारा देव वेगळा. नीतिसूत्रे, ईयोब, उपदेशक आणि पुढे येशू ज्याविषयी बोलतात तो हा दुसरा.

नीतिसूत्रे ३:५ म्हणते, ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ मग विचार करायचाच नाही का?

असे असते तर नीतिसूत्रांचे पुस्तक ३१ अध्यायांचे कशाला असते? त्यात मुंगीकडे पाहा, जामीन राहताना जपा, रागीट माणसाशी मैत्री करू नका, तोंड आवरा अशा शेकडो गोष्टी आहेत, आणि त्या सगळ्या डोके वापरायला सांगतात.

वचनातला ‘आपल्याच’ हा शब्द महत्त्वाचा. बुद्धी वापरणे निराळे आणि सगळा भार तिच्यावर टाकणे निराळे. म्हातारा माणूस काठी टेकत चालतो तेव्हा पायही चालत असतातच; पण तोल गेला तर तो काठीवर रेलतो. त्या जागी आपला हिशेब, ओळखी, पगार यांपैकी काहीही नको, तिथे परमेश्वर असावा, असे हे वचन सांगते. आणि लगेच पुढे म्हणते, ‘तू आपल्या सर्व मार्गांत’ त्याचा आदर कर. म्हणजे दुकानात, शेतात, मुलांच्या शाळेबाबत, सासरच्या कटकटीतसुद्धा.

आपल्याकडे म्हणतात, ‘सटवाईने कपाळावर लिहिले तेच होते.’ देवाच्या ज्ञानावर विश्वास म्हणजे तेच नाही का, फक्त नाव वेगळे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी दुजोरा देतो, कारण आपल्या बोलण्यात हे खरोखर मिसळून गेले आहे. आपणही ‘प्रभूची इच्छा’ म्हणतो, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ ‘नशिबात होते’ इतकाच असतो.

पण दोन्हींत मोठे अंतर आहे. पाचवीच्या रात्री लिहिलेले अक्षर पुसता येत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, आणि ते लिहिणाऱ्याला आपल्याविषयी काही वाटते की नाही हे कळायला मार्ग नाही. शास्त्रातला देव बोलतो, ऐकतो, रडणाऱ्याला जवळ घेतो. अब्राहाम त्याच्याशी सदोमासाठी घासाघीस करतो: ५० नीतिमान असले तर, ४५, ४०, ३०, २०, शेवटी १०. मरणाला टेकलेला हिज्कीया राजा भिंतीकडे तोंड करून रडतो आणि त्याच्या आयुष्याला १५ वर्षे जोडली जातात. नशिबाशी कोणी अशी घासाघीस करत नाही. देवाच्या ज्ञानावर भरवसा म्हणजे बापावर भरवसा. प्रभूने आपल्याला प्रार्थना शिकवली तीही ‘हे आमच्या पित्या’ अशी सुरू होते. प्रार्थनेला अर्थ येतो तो इथून.

देव सुज्ञ आणि प्रेमळ आहे, तर माझ्याच घरात हे का घडले?

या प्रश्नाला मी कधी घाईने उत्तर देत नाही. ज्या बाईने तरणाताठा मुलगा गमावला आहे तिच्यापुढे कारणे मांडणे हे पाप आहे, असे मी उघडपणे म्हणतो.

मुलेबाळे, मालमत्ता, प्रकृती सगळे गमावलेल्या ईयोबाचे पुस्तक यासाठीच दिले आहे. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय चालले आहे हे आपल्याला, वाचकांना, कळते. ईयोबाला ते कधीच कळत नाही. शेवटच्या अध्यायापर्यंत त्याला कोणी सांगत नाही. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट ती. मग ते तोंड उघडतात. त्यांचा सिद्धांत सोपा आहे: देव न्यायी आहे, तू दुःखात आहेस, म्हणजे तू काहीतरी केले असणार. ऐकायला हे देवभीरू वाटते. पण ४२:७ मध्ये परमेश्वर त्यांच्यावर रागावतो आणि म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही. तक्रार करणारा, वाद घालणारा, जन्मदिवसाला शाप देणारा ईयोब खरे बोलला आणि देवाची बाजू घेणारे मित्र चुकले! हे वाक्य मंडळीतल्या प्रत्येक सांत्वन करणाऱ्याने पाठ करावे.

योहान ९ मध्ये शिष्यही तेच विचारतात: हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, ह्याच्या की आईबापांच्या? येशू म्हणतो, ह्याच्याही नाही, त्यांच्याही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेल्याची गोष्ट निघते, तेव्हाही तो सांगतो की ती माणसे इतरांहून अधिक अपराधी नव्हती.

तेव्हा ‘का?’ याचे उत्तर माझ्याजवळ नाही. ‘तुझ्या पापामुळे’ असे उत्तर कोणी दिले, तर त्याला हे तीन उतारे दाखवा.

मग देवाने ईयोबाला उत्तर तरी काय दिले? ते तर प्रश्नच आहेत.

होय, अध्याय ३८ पासून प्रश्नांमागून प्रश्न येतात. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? रानबकऱ्यांची विण्याची वेळ तुला ठाऊक आहे का? ससाणा उडतो तो तुझ्या बुद्धीने का? पुष्कळांना हे दरडावणे वाटते. मलाही तरुणपणी वाटे.

पुढे एका वाक्यावर मी अडलो. ३८:२६ मध्ये देव म्हणतो की जिथे कोणी मनुष्य नाही अशा ओसाड रानातही पाऊस पडतो. तिथे पेरणी नाही, पीक नाही, त्या पावसाचा हिशेब मांडायला कोणी नाही, तरी तिथले गवत कोवळे फुटावे याची कोणीतरी काळजी घेत आहे. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला एकेका सरीची किंमत कळते, म्हणून कदाचित हे मला जास्त लागले. देव ईयोबाला जगभर फिरवून दाखवतो आहे की, जिथे तुझी नजर पोहोचत नाही तिथेही माझी देखभाल आहे.

ईयोबही शेवटी ‘आता मला कारण समजले’ असे म्हणत नाही. तुझ्याविषयी कानांनी ऐकले होते, आता डोळ्यांनी पाहत आहे, असे तो म्हणतो. त्याला जे मिळाले ते इतकेच, आणि त्याला ते पुरले.

‘माझे विचार तुमचे विचार नव्हेत’ हे वचन ऐकवून लोक प्रश्नच बंद करतात. हे बरोबर आहे का?

नाही. यशया ५५:८-९ वाचण्याआधी सातवी ओवी वाचा. दुर्जनाने आपला मार्ग सोडून परमेश्वराकडे वळावे, म्हणजे तो दया करील, भरपूर क्षमा करील, असे तिथे म्हटले आहे. आणि त्याला जोडून ‘कारण माझे विचार तुमचे विचार नव्हेत’. म्हणजे इथली उंची क्षमेची आहे. आपण एकदा दुखावलो की वर्षानुवर्षे धरून ठेवतो, तो तसा नाही. कोणाचे तोंड बंद करण्यासाठी हे वचन वापरणे म्हणजे त्यातला जीवच काढून घेणे.

रोमकरांस ८:२८: ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक.’ कर्करोग कल्याणकारक कसा असेल?

कर्करोग कल्याणकारक आहे असे पौल म्हणत नाही. वाक्याचा कर्ता देव आहे. देव सर्व गोष्टी मिळून कल्याण साधतो. त्याच अध्यायात क्लेश, उपासमार, नग्नता, तरवार यांची नावे आहेत आणि सगळी सृष्टी कण्हत आहे असेही लिहिले आहे. वाईट ते वाईटच राहते. ‘कल्याण’ म्हणजे काय हे लगेच २९ व्या ओवीत आहे: आपण पुत्राच्या प्रतिमेसारखे व्हावे. बढती, घर, बरे होणे यांचे वचन इथे नाही.

योसेफाचे उदाहरण सगळे देतात, पण त्यातला काळ मोजत नाहीत. भावांनी त्याला खड्ड्यात टाकले आणि मग २० रुप्याच्या नाण्यांना विकले तेव्हा तो १७ वर्षांचा होता. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. मधली १३ वर्षे गुलामगिरी, खोटा आळ, तुरुंग. तुरुंगातून सुटलेल्या फारोच्या प्यालेबरदाराला त्याने आठवण ठेवायला सांगितले, पण तो विसरला, त्यात दोन वर्षे आणखी गेली. ‘तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने ते चांगल्यासाठी योजले’ हे वाक्य तो उत्पत्ति ५० मध्ये म्हणतो. वडिलांचे वय आणि मिसरातली वर्षे जुळवून पाहिली तर तेव्हा तो सुमारे ५६ वर्षांचा आहे. विकला गेल्याला जवळजवळ ३९ वर्षे उलटली होती!

आणखी एक. हे वाक्य ज्याला विकले होते तो स्वतः म्हणतो. खड्ड्याच्या काठावर उभे राहून दुसऱ्या कोणी ते आत ओरडून सांगितलेले नाही. खड्ड्यातल्या योसेफाने काय केले? उत्पत्ति ४२:२१ सांगते, तो काकुळतीने विनवण्या करत होता.

आपल्या मातीतले उदाहरण आहे का?

पंडिता रमाबाईंचे आयुष्य पाहा. जन्म १८५८ चा. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेला भाऊ १८८० मध्ये बंगालात वारला. त्याच वर्षी लग्न, १८८१ मध्ये मुलगी मनोरमा, आणि १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. वय २३. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत विधवा-मुलींसाठी शारदा सदन सुरू झाले, ते पुढे पुण्यात आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावची ‘मुक्ती’ ही आश्रयसंस्था उभी राहिली ती त्यांच्यासाठी. स्वतः दुष्काळ भोगलेल्या बाईला त्या मुलींचे डोळे ओळखीचे वाटले असणार.

पण इथे मी थांबतो. ‘मुक्ती व्हावी म्हणून रमाबाईंचे आईवडील उपाशी मेले’ असे मी कधीही म्हणणार नाही. तसे बोलणे क्रूर आहे, आणि शास्त्र तसे म्हणायची परवानगी देत नाही. मी एवढेच म्हणेन की देवाने त्यातले काही वाया जाऊ दिले नाही. आणि शेवटही सोपा नव्हता. काम पुढे चालवील अशी आशा जिच्यावर होती ती मनोरमा १९२१ मध्ये, आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा इब्री आणि ग्रीक मुळांवरून पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. त्यांनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये छापून निघाले.

माझ्या घरात मी एकटीच विश्वासात आहे. देव इतका वेळ का लावतो?

कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षे त्या घराने काय सोसले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतः विचार करून, त्यांची खात्री पटली तेव्हा. कोणाला ओढून आणणे हे देवाच्या ज्ञानात बसत नाही. ताई, तुम्ही घरात प्रेमाने राहा. पहिले पेत्र ३:१ मध्ये ‘वचनावाचून’, नुसत्या वागणुकीने मिळवून घेण्याची गोष्ट आहे, ती तुमच्यासाठीच लिहिली आहे.

नोकरी, लग्न, गाव सोडणे: देवाची इच्छा कशी ओळखू? चिठ्ठ्या टाकू का?

चिठ्ठ्या टाकू नका, आणि डोळे मिटून शास्त्र उघडून बोट ठेवू नका. गिदोनाने देवाची खूण मागण्यासाठी लोकर पसरली (शास्ते ६), पण देव त्याच्याशी आधीच स्पष्ट बोलला होता. लोकर त्याच्या भीतीची खूण होती आणि देवाने ती सांभाळून घेतली, इतकेच. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, त्या पेन्टेकॉस्टच्या आधी. पवित्र आत्मा उतरल्यानंतर त्यांनी पुन्हा तसे केल्याचे कुठे आढळत नाही.

मी चार गोष्टी विचारतो. ही गोष्ट वचनाच्या विरुद्ध आहे का? असेल तर प्रार्थनेचीही गरज नाही. ज्यांना तुम्ही आणि तुमचे दोष दोन्ही माहीत आहेत अशी प्रौढ माणसे काय म्हणतात? (नीतिसूत्रे १५:२२.) हातात काय आहे: पैसा, प्रकृती, आईवडिलांची जबाबदारी? आणि याकोब ३:१७ मधली कसोटी: वरून येणारे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगे असते. एखादा निर्णय घेताना तुम्ही चिडचिडे होत असाल, लपवालपवी करत असाल, तर थांबा.

यानंतरही दोन वाटा सारख्याच बऱ्या दिसल्या, तर एक निवडा आणि चालायला लागा. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल आशियात जाऊ पाहतो, आत्मा अडवतो. बिथुनियाकडे वळतो, तिथेही मज्जाव. त्रोवसला येऊन थांबतो आणि रात्री मासेदोनियाचा मनुष्य दृष्टान्तात दिसतो. दोन दारे बंद झाली ती तो चालत होता म्हणून कळली. पुढे फिलिप्पैला नदीकाठी लुदिया भेटली, आणि त्याच गावात फटके खाऊन तुरुंगही पाहावा लागला. बरोबर वाटेवरही तुरुंग लागू शकतो, हे तरुणांना मी मुद्दाम सांगतो.

निर्णय चुकलाच तर?

तर देवाची योजना मोडून पडली असे समजू नका. चुकीचे परिणाम भोगावे लागतील, कर्ज असेल तर फेडावे लागेल, माफी मागायची असेल तर मागावी लागेल. पण पेत्राने येशूला तीनदा नाकारल्यावरही तलावाकाठी कोळशाचा विस्तव आणि भाजलेली मासळी त्याची वाट पाहत होती.

याकोब म्हणतो, संशय न धरता मागा. मला तर संशय येतो.

याकोब १:५ आधी नीट वाचा. देव ‘दोष न लावता’ देतो. आपल्याकडे विचारायला गेले की आधी ऐकावे लागते, ‘एवढेही कळत नाही?’ देव तसे म्हणत नाही. पुढे ज्या संशयाविषयी लिहिले आहे तो द्विबुद्धीच्या माणसाचा: एक हात देवापुढे, दुसरा जगाच्या सोयीकडे. धडपडणाऱ्या मनाची शंका वेगळी. मार्क ९ मध्ये आजारी मुलाला घेऊन आलेला बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूने त्याला परत पाठवले नाही, मुलाला बरे केले.

देवावर रागावलो तर चालेल का?

स्तोत्र १३ मध्ये ‘कोठवर?’ चार वेळा आहे. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, त्यात शेवटी उजेड नाही, आणि तरी ते आपल्या उपासनेच्या पुस्तकात आहे. हबक्कूक संदेष्ट्याने दोनदा तक्रार केली आणि मग ती ओळ लिहिली: अंजिराचे झाड फुलले नाही, द्राक्षवेलीस फळ आले नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष पावेन. अवकाळीने बाग गेलेल्या नाशिककडच्या बागायतदाराला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. पण तिसरा अध्याय गाण्याआधी पहिल्या अध्यायात ओरडायची त्यालाही मोकळीक आहे.

औषध, विमा, बचत म्हणजे विश्वास कमी का?

नाही. हिज्कीयाच्या फोडाला यशयाने अंजिरांचा लेप लावायला सांगितला. लूक वैद्य होता. योसेफाने सुकाळात पाचवा हिस्सा साठवला. औषध बंद करायला कोणी प्रार्थनेच्या नावाने सांगत असेल, तर ऐकू नका.

हे ज्ञान सर्वांत स्पष्ट कुठे दिसते?

वधस्तंभावर. पौल लिहितो की वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त यहूद्यांना अडखळण आणि इतरांना मूर्खपणा वाटला, पण तोच देवाचे सामर्थ्य आणि देवाचे ज्ञान आहे (१ करिंथ १:२३-२४). त्या शुक्रवारी दुपारी कोणालाही तिथे ज्ञान दिसले नाही. शिष्य पळाले, बायका लांबून रडत पाहत होत्या. खुद्द प्रभूने गेथशेमाने बागेत हा प्याला टळून जावा म्हणून तीनदा प्रार्थना केली होती, आणि वधस्तंभावर ‘का?’ असे विचारले होते. म्हणून तुमचा ‘का?’ त्याला परका नाही. ज्याने तो प्रश्न स्वतः ओरडून विचारला त्याच्यावर आपण भरवसा ठेवतो. माझे वडील शेवटच्या आजारात असताना येणारेजाणारे पुष्कळ बोलून गेले. एक वृद्ध ताई आल्या, वडिलांचा हात धरून तासभर बसल्या आणि उठताना फक्त म्हणाल्या, ‘त्यालाही लागले होते हो.’ त्या खोलीत मला तेवढेच ऐकू आले.

रोज सुरुवात कुठून करू?

नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत. आज जी तारीख असेल तो अध्याय वाचा आणि एकच ओवी वहीत उतरवा. दुःखात असाल तर नीतिसूत्रे तूर्त बाजूला ठेवा आणि स्तोत्र १३१ घ्या. तीनच ओव्या आहेत. दावीद म्हणतो, माझ्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींत मी पडत नाही, दूध तुटलेले बाळ आईजवळ असते तसा माझा जीव शांत आहे. दूध तुटलेले बाळ आईकडे काही मागायला येत नाही, नुसते जवळ येऊन बसते. झोपण्याआधी ते मोठ्याने वाचा, घरात कोणी जागे असेल तर त्यालाही ऐकू द्या.